महिपतीच्या नावाचा मेसेज

खरवईच्या वरच्या आळीत पाणी कधी येणार हे देवालाही आधी कळत नसेल, पण महिपतीला कळायचं. तो पाणीखात्यातला कंत्राटी व्हॉल्व्हमन. जांभूळच्या शुद्धीकरण केंद्राकडून आलेलं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढायचं आणि टाकीतून ते कुठल्या गल्लीला किती वाजता द्यायचं ते महिपतीच्या हातातली चावी ठरवायची. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, चावी आत घालायची आणि फिरवायची. अकरा वर्षं तो हेच करत होता.

पाण्याची वेळ कळवायला त्याने व्हॉट्सॲपवर आळीचा ग्रुप काढला होता. त्यात चारशे बारा नंबर होते आणि बोलणारा महिपती एकटाच. पहिल्या वर्षी सगळ्यांना बोलायची मोकळीक होती. तेव्हा गुड मॉर्निंगची फुलं, दत्ताचे फोटो आणि कुणाचं तरी हरवलेलं मांजर यांच्या गर्दीत पाण्याची वेळ कुणाला सापडत नसे. मग राजसी नावाच्या कॉलेजातल्या मुलीने त्याला सेटिंग बदलून दिलं. ॲडमिनशिवाय कुणालाही लिहिता येईना. महिपतीला ते फार आवडलं. घरात त्याला एवढं शांतपणे कुणी ऐकून घेत नव्हतं.

गेल्या दिवाळीत आळीतल्या एका माणसाला ‘बिल भरलं नाही म्हणून आज लाइट कापणार’ असा मेसेज आला आणि त्याचं खातं साफ झालं. तेव्हापासून महिपतीने पाण्याबरोबर ग्रुपवर शहाणपणही सोडायला सुरुवात केली. लाइट कापतो म्हणणारा मेसेज आला तर तो चोर. पार्सल अडकलंय म्हणणारा चोर. आजच्या आज करा, नाहीतर बंद, अशी घाई लावणारा तर हमखास चोर. अनोळखी नंबर उचलू नका. उचललात आणि आवाज ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवू नका, कारण हल्ली आवाजसुद्धा बनवतात. लोक वाचायचे, अंगठा दाखवायचे. ज्यांना एवढं सगळं लक्षात राहत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने एक सोपी युक्ती काढली होती. माझा मेसेज आला तर उघडायचा, बाकी कुणाचाही उघडायचा नाही.

ही युक्ती सगळ्यांत मनापासून पाळली बकुळामावशीने. मावशी आळीच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. तिचा नवरा अंबरनाथच्या केमिकल कंपनीत होता. तो गेल्यावर मिळालेले फंडाचे पैसे बँकेत होते आणि त्याच्या व्याजावर तिची चूल पेटायची. मुद्दलाला तिने कधी हात लावला नव्हता. तिला बँकेत नेऊन खातं मोबाईलला जोडून देणाराही महिपतीच होता. “व्याज जमा झालं की मेसेज येईल, मावशी, बँकेत खेपा नकोत,” असं त्याने सांगितलं होतं आणि मावशीने आळीभर त्याचं कौतुक केलं होतं.

एवढा शहाणा माणूस फसला कशाने, तर लग्नपत्रिकेने.

बदलापूर गावात राहणारा चंदू हा त्याचा मावसभाऊ. त्यांच्या लोकांत पत्रिका म्हणजे चार पानी कारभार असतो. नवरानवरीची नावं लोक ओझरती बघतात आणि शेवटच्या पानावरची निमंत्रकांची यादी मात्र बोट ठेवून वाचतात. कोण वर, कोण खाली, कुणाचं नाव राहिलं, यावर दोन-दोन वर्षं बोलणं बंद होतं. चंदूच्या थोरल्या मुलीच्या पत्रिकेत महिपतीचं नाव त्याच्याहून वयाने लहान अशा सात जणांच्या खाली छापलं होतं. महिपती त्या लग्नाला गेला, जेवला नाही. पुढे शीलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मध्ये पडून भांडण मिटवलं. धाकट्या तेजस्वीच्या लग्नात तुझं नाव वरच्या ओळीत घालतो, असा चंदूने शब्द दिला होता.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास महिपती खालच्या वस्तीचं पाणी सोडून टाकीजवळच्या खोलीत बसला होता. वरच्या आळीचा त्या दिवशी सुट्टीचा दिवस होता, तिला एक दिवसाआड पाणी मिळायचं. तेवढ्यात चंदूच्या नंबरवरून मेसेज आला. ‘आपण सहकुटुंब यावे. पत्रिका उघडून बघावी.’ खाली फाईल.

महिपतीने फाईल दाबली. फोन म्हणाला, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका असू शकतो. महिपतीने ‘तरीही चालू ठेवा’वर बोट ठेवलं. फोनने विचारलं, याला तुमचे मेसेज वाचू देऊ का. महिपती म्हणाला, दे. वरच्या ओळीत की पुन्हा खाली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फोनने तिसऱ्यांदा काहीतरी विचारलं, तेही त्याने न वाचता मान्य केलं. पत्रिका काही उघडली नाही. चंदूला साधी पत्रिकाही धड पाठवता येत नाही, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि तंबाखू मळायला घेतली.

अर्ध्या तासाने मांडीला चटका बसायला लागला म्हणून त्याने फोन काढला. फोन तापला होता. व्हॉट्सॲप उघडलं तर ते म्हणालं, हा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे. परत सुरू करायला गेला तर अकरा तास थांबा. महिपतीने फोन उलटासुलटा करून पाहिला. तोवर टेकडीच्या पायवाटेने शीला धापा टाकत वर आली. तिच्या हातात तिचा फोन होता.

“अहो, हे काय पाठवलंय तुम्ही? आणि फोन का लागत नाही तुमचा?”

ग्रुपवर मेसेज होता. ‘सूचना. नळजोडणीची माहिती अपडेट न केल्यास आज दुपारी १२ नंतर पाणी कायमचे बंद. सोबतची फाईल उघडून यादीत आपले नाव तपासा. आमचा माणूस फोन करेल, त्याला सहा आकडी नंबर सांगून सहकार्य करा. – महिपती.’

वर त्याचा फोटो होता. शिर्डीला काढलेला, टोपी घातलेला, हसरा.

चंदू आपल्याला जन्मात कधी ‘आपण’ म्हणाला नव्हता, ‘म्हैप्या’ म्हणायचा, हे महिपतीला आत्ता आठवलं. आठवून उपयोग नव्हता. त्याने शीलाच्या हातून फोन ओढून घेतला आणि ग्रुपवर लिहायला गेला, ‘हा मेसेज खोटा आहे.’ खाली ओळ आली, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. ती ओळ त्यानेच घालून घेतलेली. तो तिच्याकडे बघत असतानाच दुसरी ओळ आली. महिपतीने शीलाला ग्रुपमधून काढलं होतं.

“मी काढलं नाही तुला,” तो म्हणाला.

“मला कळतंय,” शीला म्हणाली. “फोन लावा कुणालातरी.”

कुणाला लावणार? चारशे बारा नंबर त्या तापलेल्या फोनमध्ये होते आणि पाठ एकही नव्हता. शीलाच्या फोनमध्ये आळीतले चार-पाच होते. दोघांनी उचललाच नाही. अनोळखी नंबर उचलू नका, असं त्यानेच सांगून ठेवलेलं. राजसीने मात्र उचलला.

“राजसी, मी महिपतीकाका बोलतोय. तो मेसेज मी नाही पाठवला. सगळ्यांना सांग, फाईल उघडू नका.”

पोरगी थंडपणे म्हणाली, “महिपतीकाकांचा नंबर आहे माझ्याकडे. त्यांचा मेसेज त्यांच्या नंबरवरून आलाय. तुम्ही दुसऱ्याच नंबरवरून त्यांचा आवाज काढताय. हे सगळं काकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलंय.” आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. तिने नंबर ब्लॉक केला होता, अगदी महिपतीने शिकवलं होतं तसा.

दार आपणच लावावं, कडी आपणच घालावी आणि आपणच बाहेर राहावं, तसं झालं. त्याला स्वतःचा इतका राग आला की फोन दगडावर आपटावासा वाटला. शीलाने तो काढून घेतला, बंद केला आणि आपल्या फोनवरून सायबर पोलिसांच्या १९३० नंबरला तक्रार द्यायला बसली. “तुम्ही आळीत जा,” ती म्हणाली. “तोंडाने सांगा.” महिपतीने सवयीने चावी खांद्यावर टाकली आणि तो उतारावरून पळत सुटला.

बाराला अजून तास-सव्वा तास होता. पहिल्या घरात सुंदराबाई दाराशीच भेटली. तिने त्याला बोलूच दिलं नाही. “वाचला रे बाबा तुझा मेसेज, माहिती भरतेय. एवढी कसली घाई तुम्हा लोकांना? माझं नाव हाय ना यादीत?” तिला समजवायला पाच मिनिटं गेली आणि तरी तिने शेवटी विचारलं, “म्हंजे मग पाणी बंद नाय ना होणार?” पुढच्या घराचं दार आतून बंद होतं. त्याने थाप मारली.

“कोण?”

“महिपती. दार उघड.”

“आत्ता नको, फोनवर आहे. तुमच्याच माणसाशी बोलतेय.”

तो खिडकीतून ओरडून ओरडून थकला तेव्हा तिने फोन ठेवला. तिसऱ्या घरात म्हातारा बहिरा. चौथ्या घरात सून म्हणाली, सासूबाईंना विचारते. वीस मिनिटांत पाच घरं झाली. आळीत शंभरावर उंबरे होते, बहुतेक पुरुष कामावर गेलेले, घराघरात फोन आणि फोनमध्ये हसरा महिपती. शर्ट पाठीला चिकटलेला खरा महिपती रस्त्यात उभा होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

तेव्हा त्याचं लक्ष पायाखालच्या चेंबरकडे गेलं.

या आळीत नळ कुणी बंद करत नाही. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, सूं-सूं आवाज होतो, आणि तो आवाज झाला की माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. त्यातून सुट्टीच्या दिवशी पाणी म्हणजे लॉटरीच. पण पाळी नसताना व्हॉल्व्ह उघडायला सक्त मनाई होती. टाकीतलं उरलेलं पाणी संध्याकाळी गावठाणाला जायचं होतं, आणि वर्षापूर्वी याच गुन्ह्यासाठी एका व्हॉल्व्हमनला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. महिपतीने हे सगळं नीट आठवलं. मग झाकण सरकवलं, चावी आत घातली आणि सगळं वजन टाकून फिरवली.

दोन मिनिटांत आळी बाहेर आली. “पाणी आलं गं,” अशी हाक एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेली. बादल्या, हंडे, निळे ड्रम, पाइप. कानाचे फोन कमरेला गेले. महिपती चेंबरजवळच्या कट्ट्यावर चढून ओरडायला लागला. “मेसेज खोटा आहे. फाईल उघडू नका.” एकीने मान वर केली आणि म्हणाली, “महिपती, बाजूला हो, पाइपवर पाय आहे तुझा.” पाणी वाहत असताना या आळीने आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं.

त्याने खाली उतरून चावी उलटी फिरवली.

धारा बारीक झाल्या, थेंबावर आल्या, थांबल्या. आता मात्र झाडून सगळे त्याच्याकडे वळले. अर्धे भरलेले हंडे तिथेच टाकून बायका चालत आल्या. शिवराम मास्तर, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेले, हातात रिकामी बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे होते. “ही काय थट्टा लावलीय?”

“ऐका,” महिपती म्हणाला. “तो मेसेज माझा नाही. माझं व्हॉट्सॲप चोरांच्या हातात आहे. पाणी कुणाचंही बंद होणार नाही. फाईल उघडली असेल त्यांनी फोन आत्ता बंद करा. कुणालाही आकडे सांगू नका.”

“तुझ्या फोनात चोर शिरला कसा?” मास्तरांनी विचारलं. “तूच तर आम्हाला शिकवतोस.”

महिपतीला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण खोटं बोललो तर यातलं खरंही कुणी मानणार नाही, हे त्याला दिसत होतं.

“मावसभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. माझं नाव कुठं छापलंय ते बघायला उघडली.”

मागे कुणीतरी खुसकन हसलं. बाकी कुणी हसलं नाही. पत्रिकेतल्या नावाचं दुखणं आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कदाचित त्यामुळेच त्यांना ते खरं वाटलं. फोन भराभर बंद व्हायला लागले. नऊ जणींनी फाईल उघडली होती. दोघी फोनवर बोलत होत्या, पण आकडे सांगायच्या आधीच नळ वाजला म्हणून उठल्या होत्या. राजसी गर्दीत मागे उभी होती. ती पुढे आली, सॉरी म्हणाली आणि एकेकीचा फोन हातात घेऊन ती फाईल काढून टाकायला लागली.

महिपतीने चेहरे मोजायला सुरुवात केली. सुंदराबाई होती, बहिरा म्हातारा होता, सासूबाईंना विचारणारी सून होती. बकुळामावशी नव्हती.

तिचं घर लाइनच्या टोकाला. व्हॉल्व्ह उघडल्यावर तिच्या नळाला पाणी सगळ्यांच्या नंतर, आठ-दहा मिनिटांनी पोचायचं. महिपतीने पाच मिनिटांतच चावी उलटी फिरवली होती. तिचा नळ वाजलाच नव्हता.

तो धावत गेला. मावशी ओट्यावर बसली होती, फोन मांडीवर, चष्मा कपाळावर. त्याला बघून तिचा चेहरा खुलला.

“ये रे. तुझीच वाट बघत होते. तुझा माणूस लय चांगला बोलला हो. सगळं करून दिलं त्यानं.”

“काय करून दिलं, मावशी?”

“तेच, नाव तपासायचं. नंबर आला तो वाचून दाखवला. एकदा चुकला म्हणून दुसऱ्यांदा आला, तोपण दाखवला. आता पावती येईल म्हणाला.” तिने फोन पुढे केला. “बघ रे, आलीय वाटतं. मला बारीक अक्षर दिसत नाय.”

महिपतीने फोन घेतला. बँकेचे दोन मेसेज होते. फंडाची ठेव मोडली होती, आणि खात्यात आता एक वेळचं किराणा सामान येईल एवढं उरलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. आळीत एवढे उंबरे, आणि चोरांना हाच सापडावा याचा त्याला संताप आला. मग आठवलं की चोरांना काही सापडलं नव्हतं. तिला त्यांच्यापर्यंत त्यानेच बोट धरून नेलं होतं.

“काय लिहिलंय?”

तो ओट्यावर तिच्या शेजारी बसला आणि जमेल तसं सांगितलं. मावशी साडीचा काठ बोटांनी सरळ करत राहिली.

“पण तुझं नाव होतं रे,” ती म्हणाली. “म्हणून उघडला.”

शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाली मान घालून खाल्ल्या असत्या. हे ऐकून काय करायचं ते त्याला कळेना. शीला आली, तिने पुन्हा १९३० लावला, मावशीची तक्रार दिली, मग तिघं रिक्षाने बँकेत गेली. बँकेतल्या बाईंनी खातं गोठवलं, अर्ज लिहून घेतला आणि पैसे कुठे अडवता आले तर कळवू म्हणाल्या. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आळीत परत उतरल्यावर मावशीने रिक्षाचं भाडं विचारलं आणि शीलाने नको म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा डोळ्याला पदर लावून उभी राहिली.

दुपारी पाणीखात्याच्या प्रमोद साहेबांचा शीलाच्या फोनवर फोन आला. गावठाणाला संध्याकाळी पाणी कमी पडणार होतं आणि तक्रार वर गेली होती. “कारण मला समजतंय, महिपती,” साहेब म्हणाले. “पण लिहून द्यावं लागेल. उद्याची पाळी तूच सोड. पुढचं परवा बघू.” महिपती बरं म्हणाला. नोकरीची भीती वाटायला आज त्याच्यात जागा उरली नव्हती.

ग्रुप अजून त्याच्या हातात आला नव्हता. उद्याची वेळ सांगायला तो चारच्या सुमारास स्वतः आळीत निघाला. एकेका दारात उभा राहून सांगत गेला. कुणी पाणी विचारलं, कुणी चहा, मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. तू होतास म्हणून वाचलो, असंही दोघी-तिघी म्हणाल्या, आणि ते ऐकून तो घाईने पुढच्या दाराकडे वळला. शेवटच्या घराशी पोचायला त्याने मुद्दाम उशीर केला. मग जाऊन उभा राहिला.

मावशी दाराची चौकट धरून उभी होती.

“मावशी, उद्या सकाळी साडेसहाला पाणी.”

“नक्की ना?”

अकरा वर्षांत तिने त्याला हे कधी विचारलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

“नक्की,” महिपती म्हणाला.

मावशीने लगेच मान हलवली नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. समोर आलेलं खरं की खोटं, हे ठरवायला माणूस बघतो तशी.